परभाषा : सोपी कोणती, कठीण कोणती?

परभाषेची कठिणता स्वतःच्या मातृभाषेवरून मोजावी. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या शिक्षणसंस्थेने जपानीस २२०० तास, म्हणजे स्पॅनिशच्या सुमारे तिप्पट वेळ, ठरविला आहे. परंतु ते माप इंग्रजी भाषकांचे. मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते व विभक्तिदर्शक शब्द नामानंतर लागतात. खरे श्रम लिपीचे. नित्य वापरातील चिनी चिन्हांचीच अधिकृत यादी २१३६ ची आहे. उलट फारसीत लिंगभेद नाही; शिवाय दुकान, बाजार, खरेदी हे तिच्यातील शब्द इंदूरच्या पेढीवर रोजचेच आहेत. म्हणून तरुणांनी परक्या मापाने भिऊ नये. ज्या देशाशी व्यवहार, त्याची भाषा नित्यनेमाने शिकावी. सौदा दुभाष्यावर सोपविण्यापेक्षा स्वतः समजून करण्यातच पेढीचे हित आहे.