आधी थांबायला शिकव

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झालीस आणि लगेच मुख्याध्यापकांनी चौदा वर्षांखालच्या मुलींचा खो-खोचा संघ तुझ्या हाती सोपवला, हे वाचून फार आनंद झाला. मुली जिद्दीच्या आहेत पण पाय जड आहेत, तालुक्याची स्पर्धा जवळ आली आहे, असं तू लिहिलंस. सोबत सरावाचं वेळापत्रकही धाडलंस: रोज मैदानाला दहा फेऱ्या, मग दोरीची शिडी, मग दम लागेपर्यंत शटल आणि शेवटी सामना. त्यावर सविस्तर लिहायला हवं, म्हणून हे लांब पत्र.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलींना दमवणं कुणालाही जमतं. त्यांना चपळ करायचं तर पाय ताजे असताना धावायला लाव, नीट थांबायला शिकव आणि डोळे वापरायची सवय लाव. पुढचं सगळं पत्र याच तीन गोष्टींचं आहे.

आधी खेळच नीट बघ. मोठ्या गटाच्या मैदानातही दोन खांबांमधलं अंतर २४ मीटरच्या आसपास असतं. म्हणजे अख्ख्या सामन्यात तुझ्या एकाही मुलीला सरळ रेषेत तीस मीटर पळायचं नाही. खो मिळून उठलेल्या मुलीची धाव बहुतेक वेळा पाच-सात पावलांची. तेवढ्यात गडी हाती लागला तर ठीक, नाहीतर पुढचा खो. पळती करणारीचंही तसंच: चार पावलं, वळण, दोन पावलं, हुलकावणी, पुन्हा वळण. संथ फेऱ्यांनी छातीत दम येतो, पण पायांना वेग येत नाही. दमाची गरज आहेच. तो खेळाच्याच लयीत, थोडं पळून थोडं सावरण्याच्या सरावातून मिळवता येतो. दहा फेऱ्यांचा वेळ वाचव. सरावाच्या सुरुवातीला मुली ताज्या असतात, तोच वेळ वेगाला दे.

वेगाचा सराव म्हणजे १० मीटरची धाव, कधी १५, क्वचित २०. पण ती पूर्ण जोराची हवी. पायांतला तो झटक्याचा जोर काही सेकंदांतच सरतो, आणि त्याचा साठा बराचसा भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून एक धाव झाली की मुलगी चालत परत येईल, श्वास खाली बसेल, मगच पुढची धाव. एका दिवशी सहा ते आठ धावा पुष्कळ झाल्या. एखादी धाव आधीच्या धावेपेक्षा उघड मंदावली, तर त्या मुलीचा वेगाचा सराव त्या दिवसापुरता संपला असं समज. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की बाई मुलींना नुसतं उभं करून ठेवतात. वाटू दे. त्या विश्रांतीशिवाय पुढची धाव वेगाची होतच नाही.

सुरुवात दर वेळी वेगळ्या बैठकीतून करून घे: उकिडवं बसून, एका गुडघ्यावर, पालथं पडून, पाठमोरं उभं राहून. खो-खोत बसलेल्या अवस्थेतूनच उठायचं असतं, त्यामुळे उकिडव्या बैठकीला सर्वांत जास्त वेळ दे. चवडे जमिनीत रोवलेले, हात जमिनीला टेकलेले, नजर वर. पहिल्या तीन पावलांत अंग पुढे झुकलेलं असावं आणि पायाने जमीन मागे रेटावी. बऱ्याच मुली उठतानाच ताठ होतात आणि तिथेच पाऊल गमावतात. एकदम पाच सूचना देऊ नकोस; एका दिवशी एकच. आणि सारख्या वेगाच्या दोघींची जोडी लाव. शेजारी कुणी बरोबरीची पळत असली की ओरडून सांगावं लागत नाही.

आता या पत्राचा गाभा. मुलींना पळायला शिकवण्याआधी थांबायला शिकव. चपळाई बघताना आपल्याला वळण दिसतं, पण वळणाच्या आधी वेग मारावा लागतो, आणि ज्या मुलीला वेग मारता येत नाही ती वळणावर दोन पावलं बाहेर फेकली जाते. उतारावर ब्रेक नसलेली सायकल कुणी जोरात चालवत नाही. शरीरही तसंच वागतं. थांबण्याची खात्री नसली की ते आपोआप वेग राखून पळतं. पुष्कळ 'जड' पायांचं खरं दुखणं हेच असतं.

फक्कीने एक रेघ आख. मुली ८ मीटरवरून पळत येतील आणि रेघेवर थांबतील. शेवटची पावलं आखूड, कंबर खाली, गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढे, वजन चवड्यांवर. आधी अर्ध्या वेगाने, मग पाऊण, मग पूर्ण. थांबल्यावर दोन सेकंद तशीच स्थिर राहता आली, तरच ते थांबणं खरं. हे बसलं की त्याच रेघेवरून उजवीकडे, डावीकडे, मग उलट दिशेला निघायला सांग. वळताना बाहेरच्या पायाने जमीन ढकलायची. आणि दोन्ही बाजूंना सारखं करून घे, कारण प्रत्येकीची एक लाडकी बाजू असते आणि प्रतिस्पर्धी संघाला ती चटकन कळते.

हे करताना तुझी नजर मुलींच्या गुडघ्यांवर हवी. उडी मारून उतरताना किंवा वळताना गुडघा आतल्या बाजूला कोसळत असेल, तर तिथेच थांबव. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि ही दुखापत पुष्कळदा कुणाचाही धक्का न लागता, नुसत्या चुकीच्या उतरण्याने किंवा वळण्याने होते. एका क्षणाच्या दुखापतीत खेळाची वर्षं जातात. गुडघा पावलाच्या रेषेत राहायला हवा, उतरताना आवाज कमीत कमी यायला हवा. फुटबॉलमध्ये 'इलेव्हन प्लस' नावाचा साधारण वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे: हलकी धाव, एका पायावरचा तोल, बैठका, मांड्यांचे व्यायाम, उड्या, वळणं. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती लक्षणीय कमी झालेल्या आढळल्या आहेत. त्याला साहित्य जवळपास लागत नाही. तुझ्या मैदानावर तोच वापर.

आणि मैदानाकडेही बघ. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, तुझ्या मुली मातीवर खेळतात. मातीत पाय घसरतो, मॅटवर पाय धरला जातो आणि पीळ गुडघ्यावर येतो. मातीवर सरावाआधी खडे वेचून घे, धूळ उडत असेल तर पाणी मारून घे. मॅटवर खेळायची वेळ येणार असेल तर आधी काही दिवस तिथे वळणांचा सराव मिळेल अशी खटपट कर. सूर मारायला तर गादीवर किंवा वाळूवर शिकवल्याशिवाय कुणाला सांगूच नकोस.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. शंकूंमधून नागमोडी पळणं किंवा शटल यांत पुढचं वळण कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. सामन्यात ते ठाऊक नसतं. समोरचा काय करतो ते पाहून, ठरवून, मग वळायचं असतं. खरी चपळाई ती. खो-खोचा नियमच बघ ना. खो मिळालेली मुलगी ज्या बाजूला खांदा वळवते त्याच दिशेने तिला खांबापर्यंत किंवा पुढचा खो देईपर्यंत जावं लागतं, मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळती करणारीला असं कुठलंच बंधन नाही. म्हणजे पळती करणारीने पाठलाग करणारीच्या पायांकडे न बघता खांद्याकडे बघायला हवं. आणि बसलेल्या मुलीने खो मिळण्याआधीच कुठल्या बाजूला उठायचं ते ताडलेलं हवं. खो मिळाल्यावर विचार करणारीचा गडी निसटलेला असतो.

यासाठी साधे प्रकार आहेत. दोन मुली समोरासमोर तीन मीटरवर उभ्या कर. एक डावी-उजवीकडे सरकेल, दुसरी आरशासारखी तिच्याबरोबर. सहा-आठ सेकंद, मग पुरती विश्रांती. दुसरा प्रकार: मुलगी तुझ्याकडे पळत येईल, जवळ आली की तू हात दाखवशील, त्या बाजूला ती वळेल. काही दिवसांनी हात दाखवणं बंद कर आणि तुझ्या जागी दुसरी मुलगी उभी करून तिला खांदा वळवायला सांग. तिसरा: तीन-चार जणी ओळीत बसव, एकीला पळती करू दे, आणि तू मागून कुणालाही खो दे. पहिलं पाऊल योग्य बाजूला पडलं का, एवढंच तपास. चौथा: निम्म्याच मैदानात एक पळणारी, एक पकडणारी, दहा सेकंद. यात मुली हसतात, ओरडतात आणि जीव तोडून पळतात.

दोरीच्या शिडीबद्दल विचारलंस. पाय मोकळे करायला, ताल धरायला ती ठीक आहे. वॉर्म-अपमध्ये पाच मिनिटं वापर. पण शिडीत मान खाली असते, समोर कुणी नसतं, वेग मारावा लागत नाही. त्यामुळे शिडी उत्तम करणारी मुलगी मैदानात चपळ असेलच असं नाही. शाळेकडे पैसे मागायचेच असतील तर गाद्यांसाठी माग. आणि आपले जुने खेळ विसरू नकोस. लंगडीने एका पायाची ताकद आणि तोल येतो, आट्यापाट्यांत हुलकावणी पक्की होते, रुमाल उचलण्याच्या खेळात झटक्याने निघणं आणि फिरणं दोन्ही आहेत. आठवड्यातून दोनदा शेवटची पंधरा मिनिटं या खेळांना दिलीस तर उत्तम.

आठवडा असा आख. सोमवारी आणि गुरुवारी वेग. मंगळवारी आणि शुक्रवारी थांबणं, वळणं आणि डोळ्यांचे प्रकार, सोबत थोड्या उड्या. नवख्या मुलींना एका दिवशी ४० ते ६० उड्या पुरतात. बुधवारी हलकं काम: खो देण्याचं तंत्र, खांबावरची वळणं. शनिवारी सामना, रविवारी पूर्ण सुट्टी. रोज तासभर, त्यात वॉर्म-अपला कात्री लावायची नाही. दर तीन आठवड्यांनी १० मीटरची धाव आणि ४ × १० मीटर शटल घड्याळावर मोज. हाताने दाबलेल्या घड्याळात दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो, म्हणून किरकोळ चढउतार मनावर घेऊ नकोस. आकडे तुझ्या वहीत ठेव, फळ्यावर लावू नकोस. प्रत्येकीची तुलना तिच्याच मागच्या आकड्याशी कर.

या वयाचं एक फार महत्त्वाचं सांगतो. अकरा ते तेरा या वर्षांत बहुतेक मुलींची उंची झपाट्याने वाढते. मुलांचं हे साधारण दोन वर्षांनी होतं. त्या काळात कालपर्यंत चपळ असलेली मुलगी अचानक अडखळायला लागते. तिला आळशी म्हणू नकोस आणि संघातून काढू नकोस. तिचं शरीर नव्या लांबीची ओळख करून घेतंय. तोल आणि थांबण्याचे प्रकार तिला पुन्हा सोप्यापासून दे. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतं असं कुणी सांगितलं तर उड्या आणि धावा कमी कर, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पाठव. 'दुखलं तरी पळ' हे वाक्य तुझ्या तोंडून कधी येऊ नये. पाळीच्या दिवसांत काय झेपतं ते मुलीने न लाजता तुला सांगावं, एवढा विश्वास निर्माण कर. सकाळच्या सरावाला उपाशी पोटी कुणाला पळवू नकोस. मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा अर्धी पोळी खाऊनच यायला सांग.

मुलींना पुढचं क्षितिजही दाखव. धाराशिवची सारिका काळे २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली; महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तुझ्या संघातल्या सगळ्या मुली तिथवर जाणार नाहीत, आणि जायलाच हवं असंही नाही. पण प्रत्येकीला आपलं शरीर सावरता आलं, संकटात डोकं शांत ठेवून दिशा ठरवता आली, तर ते तिला जन्मभर पुरेल.

तेव्हा मनू, तालुक्याचा चषक मिळाला तर मला आनंदच होईल. पण वर्षाअखेरीस मी तुला दोनच प्रश्न विचारणार आहे: जूनमध्ये आलेल्या मुलींपैकी किती जणी अजून मैदानावर येतात, आणि त्यांतल्या किती जणी धडधाकट आहेत? या दोन उत्तरांची काळजी घे. तशी घेतलीस, तर वेगही येईल आणि चषकही येईल.

तब्येतीला जप. मुलींना माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा