पूर ओसरल्यानंतरची दक्षता

बेंगळूरु हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले असून त्यातून कोणतीही मोठी नदी वाहत नाही. तरीही तेथे पूर येतो. शहराचे तलाव ‘राजकालुवे’ नावाच्या नाल्यांनी परस्परांशी जोडलेले आहेत. नाले अरुंद झाले किंवा बुजले, म्हणजे पावसाचे पाणी सखल वस्त्यांत शिरते. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी एका दिवसात सुमारे १३१ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बेळ्ळंदूर व यमलूर या भागांतील रहिवाशांना होड्यांतून व ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावे लागले.

पाऊस थांबला म्हणजे संकट टळले, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. १९ मे २०२५ रोजी याच शहरातील बी.टी.एम. लेआउट भागात तळघरात साचलेले पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून एक वृद्ध गृहस्थ व एक लहान मुलगा मृत्युमुखी पडले. सावरण्याच्या कामात घाईपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो, हाच या घटनेचा धडा होय.

पहिली बाब विजेची. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असते; परंतु पुराच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे त्यातून वीज वाहते. म्हणून कोरड्या जागेवर उभे राहून हात पोचत असेल, तरच मुख्य बटण बंद करावे. अन्यथा वीज मंडळास कळवून पुरवठा बाहेरून तोडून घ्यावा. मुख्य पुरवठा बंद असला, तरी इन्व्हर्टरमधून घरात वीज येत राहते, हे विसरू नये. भिजलेली उपकरणे जाणकाराने तपासल्यावाचून सुरू करू नयेत.

दुसरी बाब पाणी उपसण्याची. दर मीटर खोलीस पाणी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब देते. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना तळघर एकदम रिकामे केले, तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. यासाठी बाहेरचे पाणी उतरल्यावर उपसा टप्प्याटप्प्याने करावा. पेट्रोल वा डिझेलवर चालणारा पंप नेहमी मोकळ्या हवेत ठेवावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वास नसतो. बंद जागेत तो प्राण घेतो.

तिसरी बाब पिण्याच्या पाण्याची. जमिनीखालील टाकीत मैलामिश्रित पाणी शिरलेले असते. ती पूर्ण रिकामी करून घासावी व नव्याने भरलेल्या दर हजार लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून निदान एक तास थांबावे. ही पावडर आम्लयुक्त द्रवात कधीही मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. संशय असल्यास पाणी उकळावे. बेंगळूरुच्या उंचीवर पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. तरीही एक मिनिट खळखळून उकळल्यास रोगजंतू मरतात.

शेवटची बाब सफाईची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. म्हणून रबरी बूट व हातमोजे घालावेत आणि ताप आल्यास वैद्यास चिखलाचा संपर्क आवर्जून सांगावा. भिजलेल्या गाद्यांवर व लाकडी सामानावर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून दारे-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. भिंती पूर्ण वाळण्यापूर्वी रंग देऊ नये. दुकानदाराने पुराचे पाणी लागलेले धान्य व औषधे वाळवून विकू नयेत. नुकसानीची छायाचित्रे व यादी मात्र माल टाकण्यापूर्वीच करावी. विम्याच्या दाव्यास ती आवश्यक ठरतात.

पुरात गेलेली वस्तू पुन्हा मिळविता येते. गेलेला जीव परत येत नाही. म्हणून आधी वीज तोडावी, मग पाणी उपसावे, नंतर स्वच्छता करावी आणि सर्व कोरडे झाल्यावरच संसार व व्यवहार पुन्हा मांडावा.