पेडलची गुणगुण कशी थांबवावी?

प्रश्न : माझी चार गिटार पेडल एकाच अडॅप्टरवर चालतात. अँप लावला की सतत गुणगुण येते. कोणता पॉवर सप्लाय घ्यावा? – एक वाचक, आंबिवली

उत्तर : खरेदीआधी एकच पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर वाजवून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अडॅप्टरचा किंवा जोडणीचा. गिटारची दिशा बदलल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर ती बहुधा सिंगल कॉइल पिकअपची. महागडा सप्लायही ती घालवणार नाही.

एका अडॅप्टरवरच्या पेडलांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले जातात, पॉवरच्या वायरीतून आणि सिग्नलच्या केबलमधून. डिजिटल डिलेची किरकिर याच वाटेने ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे वाढते. म्हणून प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड असलेलाच सप्लाय घ्या. नुसती भरपूर सॉकेट असलेली स्वस्त पेटी घेऊन काही साधत नाही. व्होल्टेज आणि पोलॅरिटी पेडलवर लिहिल्याप्रमाणेच हवी, बहुतेकांत ९ व्होल्ट, मधली पिन ऋण. मिलिअँपिअर मात्र जास्त चालतात. डिजिटल पेडलला कधी ३००सुद्धा लागतात.

गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल. घरातलं अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.