'जर' आणि 'आताही'

शास्त्रपाठ : लूक 14:16-24, योहान 11:17-40

'जर' हा शब्द लहानसा, परंतु त्याच्या आडोशाला पुष्कळ कामे पडून राहतात. 'जर माझे शिक्षण झाले असते', 'जर मंडळीने साहाय्य केले असते', 'मुले मार्गी लागली की मग सेवेस आरंभ करीन'. कोणी गेलेल्या काळात राहतो, कोणी येणाऱ्या काळात. आजचा दिवस मात्र रिकामाच जातो.

लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात आमंत्रितांनी शेत, बैल व लग्न यांच्या सबबी सांगितल्या. तिसऱ्याने तर क्षमासुद्धा मागितली नाही! या सबबी खोट्या होत्या असे प्रभू म्हणत नाही, हे लक्षात घ्यावे. खरी सबब अधिक घातक असते, कारण तिच्याविषयी मन खात नाही.

बेथानीची मार्था हीदेखील प्रभूला भेटताच जर-तरचीच भाषा बोलते : प्रभू येथे असता तर भाऊ मेला नसता. प्रभूने तिला दटावले नाही. मरियेनेही पुढे हेच म्हटले (वचन 32). परंतु मार्था लागलीच 'आताही' म्हणते (वचन 22). दुःख तेवढेच आहे, भाऊ कबरेतच आहे. नजर मात्र मागून पुढे वळली. पुढे कबरेजवळ ती पुन्हा कचरते, हेही शास्त्र लपवीत नाही.

प्रिय वाचकहो, या 'आताही'चे उदाहरण आपल्या मराठी शास्त्राच्या इतिहासात पाहावयाचे तर कोलकात्याकडे वळावे लागते. 11 नोव्हेंबर 1793 रोजी विल्यम कॅरी तेथे उतरले. मूळचा धंदा जोडे शिवण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही. 1794 मध्ये लहानगा पीटर वारला. पत्नी डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढळले ते 1807 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. (कॅरींच्या चिकाटीची कथा सांगताना या बाईंचे दुःख एका ओळीत उरकले जाते, हे योग्य नव्हे. एकाच्या उत्साहाची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते काय, हेही विचारले पाहिजे.) कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो 28 डिसेंबर 1800 रोजी, म्हणजे सात वर्षांनी.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नाही. 'आधी त्या मुलखात राहीन, मग लिहीन' असे म्हणावयास त्यांना पुरेपूर जागा होती. तरी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 1805 मध्ये मराठी व्याकरण, 1810 मध्ये कोश आणि 1811 मध्ये नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.

11 मार्च 1812 रोजी संध्याकाळी त्याच छापखान्याला आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि कॅरींच्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी येऊन त्यांना वार्ता दिली. ती राख पाहून कॅरींच्या डोळ्यांत पाणी आले. सकारात्मक वृत्ती म्हणजे हानी नाकारणे नव्हे. 'जर मी तेथे असतो' असे घोकण्याऐवजी त्यांनी हिशेब केला तो उरलेल्या वस्तूंचा : मुद्रणयंत्रे व अक्षरांचे साचे शाबूत होते. वितळलेल्या धातूचे खिळे पुन्हा पाडण्यात आले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. दुसऱ्यांदा चालताना वाट अधिक ओळखीची वाटते, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

त्यांची मराठी निर्दोष होती असे नाही. महाराष्ट्रातील वाचकांना ती परकी वाटली, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून 1826 मध्ये नवा करार छापला. त्यांच्या आधी श्रीरामपूरचा तो अपुरा नवा करार पंधरा वर्षे मराठीत होता.