भंगारातून उडालेला 'परशुराम'

होस्टेलबाहेर ठेवलेली सायकल एका पावसाळ्यात कशी गंजते, हे रत्नागिरीत राहणाऱ्याला सांगायला नको. मग सत्तरी ओलांडलेलं विमान पुन्हा उडवायचं म्हणजे काय काम असेल?

आपल्या वायुसेनेकडे असं एक डकोटा (डीसी-३) आहे. राजीव चंद्रशेखर यांनी ते २०११ साली भंगारातून घेतलं. त्यांचे वडील वायुसेनेत डकोटाच चालवायचे. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते एप्रिल २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने उडत भारतात आलं.

ॲल्युमिनियमवर तांबूस गंज चढत नाही, पांढरी भुकटी धरते. पत्र्यांच्या जोडात खारट ओल शिरली आणि शेजारी स्टीलचा बोल्ट असला, की तिथे चक्क बॅटरीचा सेल तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. केमिस्ट्रीत हे आपण मार्कांपुरतं पाठ केलं! म्हणून रिव्हेट काढायचे, जोड उघडायचा, आतून तपासायचं, खराब पत्रा बदलायचा. नुसता रंग मारला तर विमान बघण्यापुरतंच राहतं.

त्यावरचा 'व्हीपी ९०५' हा नंबर २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक नेणाऱ्या डकोटाचा. हे ते विमान नव्हे, नंबर मानाने दिलाय. नाव मात्र आपल्या कोकणच्या देवाचं, 'परशुराम'. समुद्राला मागे हटवणाऱ्याचं!

वर्कशॉपमधलं एखादं जुनं मशीन भंगारात काढायची वेळ आली, तर आधी एकदा उघडून बघूया का?