निरोप्यावर रोष कशाला?

संगणक सुरू करतांच पडद्यावर एक लहानशी चौकट उमटते. तिच्या माथ्यावर 'रनडीएलएल' असें नांव असतें. खालीं अमुक फाइल सुरू करतांना अडचण आली, सांगितलेलें मॉड्यूल सांपडलें नाहीं, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. चौकट मिटविली तरी दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां हजर! हें नांव घरांत कोणाच्याच ओळखीचें नसतें. त्यामुळें विद्यार्थी गोंधळतात, पालक धास्तावतात, आणि कित्येकदां भीतीपोटीं केलेला उपाय मूळ दुखण्याहून महाग पडतो. म्हणून या चौकटीचा अर्थ आपण नीट समजून घेऊं.

'रनडीएलएल ३२' हा विंडोज प्रणालीचाच अंगभूत प्रोग्रॅम होय. १९९५ सालच्या विंडोजमध्येंही तो होता. डीएलएल जातीच्या फाइलींत इतर प्रोग्रॅमांच्या उपयोगाच्या आज्ञा सांठविलेल्या असतात. मात्र अशी फाइल आपण होऊन चालत नाहीं. ती उघडून तिच्यांतील नेमकें काम करवून घेणें, हें या प्रोग्रॅमाचें कर्तव्य. सांगितलेली फाइल जागेवर नसली म्हणजे तो तसें कळवितो. निरोप त्याचा, दोष दुसऱ्याचा.

मग फाइल जाते कोठें? बहुधा एखादा प्रोग्रॅम आपण काढून टाकलेला असतो, किंवा विषाणुरोधक प्रोग्रॅमानें ती फाइल घातक म्हणून दूर केलेली असते. परंतु 'रोज ही फाइल उघड' हा हुकूम तसाच मागें उरतो. भाडेकरू घर सोडून गेला, पण दुधाचा रतीब बंद केला नाहीं, तर गवळी रोज बंद दाराशीं हांक मारणारच! 'कॉन्ड्युइट' नांवाच्या टूलबारासंबंधानें नेमकें असेंच घडे. टूलबार जाई, 'बॅकग्राउंडकंटेनर' ही त्याची डीएलएल फाइलही जाई, पण 'टास्क शेड्यूलर'मधील तिची नोंद राही.

आतां उपाय. प्रथम चौकटींतील फाइलीचें नांव व तिचा मार्ग अक्षरशः उतरून घ्यावा. मग विषाणुरोधक प्रोग्रॅमानें संपूर्ण संगणक तपासावा. कारण घातक फाइलीही कधीं कधीं याच निरोप्याकडून काम करवून घेतात. त्यानंतर 'टास्क शेड्यूलर'मध्यें तें नांव शोधावें. तेथें न आढळल्यास मायक्रोसॉफ्टचा 'ऑटोरन्स' हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरावा. ज्यांच्या फाइली हरवल्या आहेत अशा नोंदी तो पिवळ्या रंगानें दाखवितो. सांपडलेली नोंद लगेच पुसूं नये. आधीं ती केवळ बंद करून संगणक पुन्हां सुरू करून पाहावा. हरवलेली फाइल विंडोजचीच असेल, तर मात्र 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा तिची दुरुस्ती करूं शकते.

तीन गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. 'सिस्टिम ३२' या फोल्डरांतील मूळ रनडीएलएल विषाणु समजून पुसूं नये. हरवलेली डीएलएल कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊं नये. आणि चौकटींत दूरध्वनीचा क्रमांक दिसल्यास तो कदापि फिरवूं नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत असा क्रमांक नसतो, आणि तो फिरविणाऱ्यांची पुंजी लुबाडली जाण्याचा धोका असतो.

विद्यार्थिमित्रहो, अपरिचित नांव दिसलें कीं त्यास चोर ठरविण्याची घाई नको. आधीं निरोप पुरता वाचावा, मग तो कोणाच्या हुकमानें आला याचा शोध घ्यावा. हा क्रम अंगीं बाणला, तर संगणकाच्या बहुतेक तक्रारी घरच्या घरीं निवारतां येतील, असें आम्हांस वाटतें.