आठवा दिवस

२०१८ च्या डिसेंबरमधली गोष्ट. मुलाचं नाव सांगणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तशी मनाई करतं, आणि ते कलम नसतं तरी मी सांगितलं नसतं. सोळा वर्षांचा होता. आईबाप बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीसाठी आमच्या भागात आलेले. विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची वायर चोरल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तिघा मोठ्या माणसांना पकडलं, त्यांच्याबरोबर यालाही उचललं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर येऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नेमणुकीचं पत्र आलं, वकीलपत्र दाखल केलं, जामिनाचा अर्ज दिला आणि दुसऱ्याच तारखेला बाल न्याय मंडळाने जामीन मंजूर केला. अट एकच: पंधरा हजारांचा स्थानिक जामीनदार. मी डायरीत ‘जामीन मंजूर’ असं लिहिलं, प्राधिकरणाला अहवाल दिला आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतर अडतीस दिवस तो मुलगा निरीक्षणगृहातच होता.

आमच्याकडे मंडळ निरीक्षणगृहाच्या आवारातच बसतं. मंडळाची खोली आणि मुलं झोपतात तो हॉल, यांच्यामध्ये एक पटांगण आहे. त्या अडतीस दिवसांत दुसऱ्या मुलांच्या तारखांना मी तिथे पाच वेळा गेले होते. पाचव्या वेळी स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला हाक मारली. “मॅडम, तुमचं बीडचं पोरगं अजून इथंच हाय की.” मला आधी वाटलं, त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. मग तो नळाजवळ ताटं घासताना दिसला. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, माझी तारीख कधी हाय?”

जामीन झालाय हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. आदेश झाला त्या दिवशी तो मंडळासमोर पाच मिनिटं उभा होता. सगळं बोलणं कायद्याच्या भाषेत झालं आणि काळजीवाहक त्याला आत घेऊन गेला. बाहेर आल्यावर मी त्याच्या बापाला फोन केला होता. “जामीन झाला, जामीनदार घेऊन या,” एवढंच सांगितलं होतं. तोवर टोळी आमच्या भागातलं काम संपवून कर्नाटकातल्या एका कारखान्याकडे गेली होती. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या माणसाने भर हंगामात कोयता टाकून यायचं कसं? आणि आलाच, तरी ज्या तालुक्यात त्याची ओळख कोपीपुरती, तिथे सातबारा घेऊन त्याच्या पोरासाठी उभं कोण राहणार? हा प्रश्न मला त्या दिवशी पडलाच नाही. मोठ्या माणसांच्या कोर्टात ही अट रोजची असते, म्हणून मी ती ऐकली आणि मान हलवली.

त्या दिवशी पटांगणातूनच मी बापाला पुन्हा फोन लावला. तो रागावला नाही. फक्त एवढंच विचारलं, “कागद झालाय म्हणलात ना बाई, मग पोराला कामून ठिवलं?”

कायद्याकडे उत्तर होतं. कमी पडले ती मी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीनदार घेऊन किंवा न घेता, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात सोडता येतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरीही. नकार द्यायचा तर कारणं तीनच: मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका, किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणं. गरिबी त्यात कुठेही नाही. याच कलमाचं चौथं पोटकलम मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. जामिनाची अट मुलाला सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर अट बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर आणायचं. आठव्या दिवशी मी एक पानाचा अर्ज दिला असता तर पुरेसं होतं.

शेवटी तो अर्ज मी एकोणचाळिसाव्या दिवशी दिला. मंडळाने त्याच बैठकीत अट बदलली: बापाचं हमीपत्र आणि परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख. रात्रभर एसटी बदलत बाप सकाळी आला आणि दुपारी पोराला घेऊन गेला. पुढे सहा महिन्यांत चौकशी पुरी झाली नाही आणि किरकोळ गुन्हा म्हणून कलम १४ प्रमाणे कामकाज बंद झालं. कागदावर हे प्रकरण मी जिंकले. पण मुलगा गावाकडे आजीजवळ राहून नववीत शिकत होता, दिवाळीच्या सुट्टीत आईबापाकडे आला होता. तो शाळेत परत गेला नाही. पुढच्या हंगामात त्याने स्वतः कोयता घेतला.

हे लिहितेय ते पॅनेलवर नव्याने आलेल्या वकिलांसाठी, गावोगावच्या विधी स्वयंसेवकांसाठी आणि ज्यांच्या ओळखीतलं एखादं पोर आज अशा फेऱ्यात सापडलंय त्यांच्यासाठी. मोफत विधी साहाय्य म्हणजे वकील फुकट मिळणं, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ प्रत्येक बालकाला हा हक्क देतं. उत्पन्नाची अट नाही, दाखला लागत नाही. पण वकील फाईलला मिळतो आणि मुलाला मिळत नाही, हे मी स्वतः करून दाखवलं आहे.

शीला बर्से या पत्रकार बाईंनी देशभरातल्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९८६ च्या त्या आदेशात राज्यांच्या विधी साहाय्य मंडळांना सांगितलं आहे, की प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकील पाठवा आणि आतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना मदत द्या. वकिलाने मुलाकडे जायचं, हे तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे. मी मात्र पटांगणही ओलांडलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. प्रकरण हातात आलं की आधी मुलाला भेटते, तारखेच्या आदल्या दिवशी तरी. टेबलाच्या पलीकडे बसत नाही. गुन्ह्याचं पहिल्या भेटीत विचारत नाही. घरी कोण कोण आहे, आई आत्ता कुठे आहे, फोन कुणाकडे असतो, शाळेतल्या कुठल्या सरांना तुझी माहिती आहे, एवढंच विचारते. जामिनाच्या अर्जात लागतं ते सगळं या उत्तरांत असतं. आणि भाषा. ऊसतोडीच्या तांड्यावरची कितीतरी बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात. आपलं ‘जामीन’, ‘हमीपत्र’, ‘चौकशी’ ऐकून ती मान हलवतात. त्यांना कळलं म्हणून हलवतात असं समजू नका. “आता तुला काय समजलं ते मला सांग,” असं म्हणून बघा. मग आपण किती वाईट समजावतो ते कळतं.

पुढचा मुद्दा वयाचा. या मुलाच्या आधारकार्डावर तो एकोणीस वर्षांचा होता. त्यामुळे पहिल्या दोन रात्री त्याने पोलीस कोठडीत मोठ्या माणसांबरोबर काढल्या. बालकाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणायचं, असं बाल न्याय कायद्याचं कलम १० म्हणतं. पण समोरचा बालक आहे हे कुणी मानलं तर ते कलम लागू होणार. त्याच्या झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींनी व्हॉट्सॲपवर रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा चक्र फिरलं. जन्मतारीख अर्थातच १ जून. आपल्याकडे एका पिढीची अर्धी मुलं १ जूनला जन्मली आहेत. दाखला घालताना वय भरावं म्हणून गुरुजींनीच तारीख टाकलेली असते, आणि सरकारी वकील त्यावर बोट ठेवतातच.

म्हणून क्रम पाठ असू द्या. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. पी. युवाप्रकाश खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा या कलमात बसत नसल्याचं म्हटलं आहे. शाळेकडून जन्मतारखेचं स्वतंत्र प्रमाणपत्र मागा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीतली जन्मनोंद शोधायला कुणाला तरी पाठवा. हे काम वकिलापेक्षा विधी स्वयंसेवक फार चांगलं करतात, कारण ग्रामसेवक कोणत्या वारी भेटतात हे त्यांना ठाऊक असतं. आणि मुलाला मोठा समजून प्रकरण साध्या कोर्टात चाललं असेल, तरी हात टेकू नका. अल्पवयीन असल्याचा दावा कलम ९ प्रमाणे कोणत्याही टप्प्यावर करता येतो, निकालानंतरसुद्धा.

जामिनाच्या सुनावणीत अट ऐकून गप्प बसू नका, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच या प्रथेवर कोरडे ओढले होते. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि सख्ख्या भावाची हमी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारली होती. मोठ्या आरोपींबाबतही स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत पुन्हा सांगितलं. मग मुलांना ती अट कशासाठी? उभं राहा आणि स्पष्ट सांगा: याचे आईबाप कामासाठी फिरतात, इथे यांना कुणी ओळखत नाही, कृपया आईच्या हमीपत्रावर सोडा. बहुतेक वेळा मंडळ ऐकतं. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, ते एवढ्याचसाठी.

आदेश झाला की डायरीत त्या तारखेपुढे आठवा दिवस मोजून लाल शाईने लिहा. त्या दिवशी निरीक्षणगृहात फोन करून एकच प्रश्न विचारायचा: मूल गेलं का? नाही म्हणाले तर त्याच दिवशी अर्ज. गेल्या काही वर्षांत माझ्या डायरीत अशा लाल नोंदी पुष्कळ झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच दिवशी उत्तर ‘नाही’ असंच आलं.

पीडित मुलांबद्दल थोडंच सांगते, कारण तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पॉक्सो कायद्यात सरकारी वकील असतोच, मग आपला वकील कशाला, असं पालकांना वाटतं. कलम ४० प्रमाणे मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो आणि परवडत नसेल तर प्राधिकरण देतं. अंतरिम भरपाई आणि मनोधैर्य योजनेची मदत मागायला, मुलाला कोर्टात वारंवार बोलावू नका असं सांगायला तो लागतो. स्वयंसेवकांना हात जोडून विनंती: मुलाकडून हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, मोबाईलवर रेकॉर्ड करू नका, ‘जनजागृती’साठी फोटो टाकू नका. ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही.

पालकांनो, प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाला एक रुपयाही द्यायचा नसतो. कुणी मागितला तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा. ते न्यायाधीशच असतात, कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. विधी सेवेचा फोन १५१००, मुलांच्या मदतीचा १०९८. आणि वकिलाला न घाबरता विचारा, तुम्ही आमच्या पोराला भेटलात का?

वकील मित्रमैत्रिणींनो, तुमच्या नावावर आज एखाद्या मुलाचं प्रकरण असेल तर जामिनाच्या आदेशाची तारीख काढून बघा. सात दिवस उलटून गेले असतील आणि मूल घरी पोचल्याची तुमची खात्री नसेल, तर याच आठवड्यात निरीक्षणगृहात जा.